हाकललेल्या राजाची माणसं कोर्टात: जॅकोबाइटांवरचे राजद्रोहाचे खटले कसे चालले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडात १६८८ ला दुसऱ्या जेम्सला गादी सोडून पळावं लागलं, त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या बाजूने उभे राहिलेल्या लोकांवर, म्हणजे जॅकोबाइटांवर, राजद्रोहाचे खटले चालले, पण त्यांच्या लेखी खरा राजा तोच होता, मग ते द्रोही कसे ठरले आणि "आमचा राजा वेगळा आहे" हा बचाव कोर्टात का टिकला नाही. शेवटी आपल्याकडे असं काही घडलं का तेही विचारलंय.

मी फौजदारी बाजूचा वकील, सेशन्सला बचावाची कामं बरीच वर्षं केली, आणि जुन्या राजद्रोहाच्या खटल्यांचे रिपोर्ट वाचायचा नाद त्याहून जुना. त्यामुळे उत्तर वकिलाच्या नजरेनेच देणार, राजघराण्यांची वंशावळ सांगत बसत नाही.

सरळ उत्तर आधी देतो. तो बचाव टिकला नाही कारण तो कोर्टाने ऐकायला घेतलाच नाही. खरा राजा कोण हा मुद्दा कधी ज्युरीपुढे गेलाच नाही. तो बाहेर, पार्लमेंटमध्ये आणि रणांगणावर ठरलेला होता आणि जज मंडळी ते गृहीत धरूनच खुर्चीवर बसायची. मग आरोपीच्या हातात राहायचं काय तर साक्षीदार किती, तारीख बरोबर आहे का, आरोपपत्राची नक्कल मिळाली का, वकील मिळाला का. म्हणजे माणूस ज्यासाठी जीव द्यायला निघाला ते बाजूला आणि सगळी झुंज प्रोसिजरवर. मला हे खटले इतके महत्त्वाचे वाटतात ते यामुळेच.

आता कायदा. मूळ कायदा तिसऱ्या एडवर्डचा, १३५१ चा. त्यात राजद्रोह म्हणजे काय ते लिहिलंय, राजाच्या मृत्यूचा बेत मनात धरणं, राजाविरुद्ध त्याच्या राज्यात युद्ध पुकारणं, राजाच्या शत्रूंना सामील होणं वगैरे. पण "राजा" म्हणजे कोण हे त्यात नाही. ते नंतरच्या कायदेपंडितांनी ठरवलं, कोकसारख्यांनी सांगितलं की राजा म्हणजे जो प्रत्यक्ष गादीवर आहे तो, हक्क कुणाचाही असो. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल, सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि जमिनीचा ताबा कुणाकडे हे दोन प्रश्न वेगळे, आणि राजद्रोहाचा कायदा ताब्याकडे बघतो. सातव्या हेन्रीने तर १४९५ ला कायदाच करून ठेवला की जो त्या वेळी राजा आहे त्याची चाकरी केली म्हणून पुढे कुणाला द्रोही ठरवायचं नाही. गादीसाठी झालेली 'गुलाबांची युद्धं' नुकतीच संपलेली, दर काही वर्षांनी राजा बदललेला, लोकांनी कुणाला मानायचं हा खरोखर जिवाचा प्रश्न होता, त्या काळाला तो कायदा शहाणपणाचाच होता.

पण हाच नियम गरजेप्रमाणे वाकवलाही गेला, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. सर हेन्री व्हेन, १६६२. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला १६४९ ला, त्यानंतर अकरा वर्षं राजाच नव्हता, व्हेन त्या काळात पार्लमेंटच्या सरकारात मोठा माणूस. १६६० ला दुसरा चार्ल्स परत आला आणि व्हेनवर राजद्रोह लावला. व्हेन म्हणाला की त्या काळात ताबा पार्लमेंटकडे होता, मी ताबेदार सत्तेचं ऐकलं, गुन्हा काय. कोर्टाने सांगितलं की दुसरा चार्ल्स हा बाप मेला त्या क्षणापासून राजा होता, हक्काने पण आणि प्रत्यक्षात पण, फक्त त्याला बाहेर ठेवलं होतं. व्हेनचं डोकं उडवलं. म्हणजे १६६२ ला परदेशात फिरणारा माणूस प्रत्यक्ष राजा ठरतो आणि १६८९ नंतर फ्रान्सात बसलेला जेम्स मात्र कुणीच नाही. मी दोन्ही निकाल किती तरी वेळा शेजारी ठेवून वाचलेत, कायद्याच्या तर्काने ते जुळत नाहीत. जुळतात ते एकाच गोष्टीने, निकाल द्यायच्या दिवशी गादीवर कोण होतं.

१६८९ ला पार्लमेंटने ठराव केला त्यातही जेम्सला "काढलं" असं कुठे म्हटलं नाही, त्याने राज्यत्याग केला आणि गादी रिकामी झाली अशी भाषा घातली. स्कॉटलंडच्या सभेने मात्र उघड म्हटलं की त्याने हक्क गमावला. तेव्हा इंग्लंडमध्ये कोर्टापुढे उभ्या राहिलेल्या जॅकोबाइटाला "माझ्या राजाला पदच्युत केलं" असं म्हणायलाही कागदोपत्री आधार नव्हता.

आता खटल्यांकडे येऊ, आणि इथे एक दिवस मी तपशिलात सांगणार आहे. २४ मार्च १६९६, आरोपी सर विल्यम पार्किन्स. जेम्सच्या जागी गादीवर बसलेल्या विल्यम राजाला लंडनजवळ टर्नहॅम ग्रीनच्या रस्त्यावर गाठून मारायचा कट त्या फेब्रुवारीत फुटला होता, त्यात हा पकडला गेला. त्या वेळेपर्यंत राजद्रोहाच्या आरोपीची अवस्था काय होती ते ऐका: आरोपपत्राची नक्कल मिळत नाही, वस्तुस्थितीवर बोलायला वकील मिळत नाही, सरकारकडून मात्र मोठमोठे वकील उभे, आणि ज्या गुन्ह्याला फाशी आहे त्यात आरोपीने स्वतःच उलटतपासणी घ्यायची. हे बदलायला पार्लमेंटने नुकताच कायदा पास केलेला होता. आरोपपत्राची नक्कल पाच दिवस आधी, दोन वकील, बचावाच्या साक्षीदारांना शपथ, ज्युरीची यादी दोन दिवस आधी, त्याच प्रकारच्या द्रोहाच्या कृत्याला दोन साक्षीदार हवेत (हा दोन साक्षीदारांचा नियम आधीपासून होता, इथे तो पक्का केला), आणि तीन वर्षांच्या आत खटला भरला पाहिजे, राजाच्या खुनाच्या प्रयत्नाचा अपवाद सोडून. सगळं छान, फक्त कायदा लागू होणार होता २५ मार्चपासून. तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष त्याच दिवशी लागायचं.

पार्किन्स स्वतः कायदा शिकलेला माणूस. त्याने कोर्टात सांगितलं की वकील द्या, हा कायदाच म्हणतो की हे न्याय्य आहे, आणि तो लागू व्हायला फक्त एक दिवस बाकी आहे. चीफ जस्टिस होल्ट त्या काळातला चांगला जज, आरोपीला फाडून खाणाऱ्यातला नव्हे. त्यानेही नाही म्हटलं, आज जो कायदा आहे त्यानेच चालवावं लागेल, उद्याच्या कायद्याने आज चालवता येत नाही. खटला एकाच दिवसात संपला, दोषी, आणि ३ एप्रिलला सर जॉन फ्रेंडबरोबर टायबर्नला फाशी. तांत्रिकदृष्ट्या होल्ट बरोबर आहे, मी जज असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो, पण सरकारी पक्षाला एक दिवस थांबायला काय हरकत होती हा प्रश्न मला सोडत नाही. तारीख पुढे ढकलणं कोर्टाच्या हातात असतं, आणि एका माणसाच्या जिवाचा सवाल असताना ती ढकलली नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच अँब्रोज रूकवुडचा खटला, नव्या कायद्याखाली वकील मिळालेले पहिले आरोपी याच गटातले. रूकवुडच्या बाजूने सर बार्थोलोम्यू शॉवर उभा राहिला आणि त्याने सुरुवातीलाच कोर्टाला विनंती केली की आम्ही अशिलासाठी जे बोलू ते आमच्या अंगाला लावू नका, आरोपींवर ज्या कृत्यांचा आरोप आहे त्यांना किंवा त्यामागच्या तत्त्वांना पाठिंबा द्यायला आम्ही आलेलो नाही. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका निवेदनात आहे बघा. वकील मिळाला, पण आरोपीचा मुख्य मुद्दा मांडायला तो वकील तयार नाही, आणि तयार असता तर त्याच्यावरच संकट आलं असतं. शॉवरने लढाई पुराव्यावर केली, चांगली केली, तरी रूकवुड फासावर गेलाच.

मग फेनविक. सर जॉन फेनविकविरुद्ध दोन साक्षीदार होते, पोर्टर आणि गुडमन, दोघेही माफीचे साक्षीदार. फेनविकच्या माणसांनी पैसे देऊन गुडमनला फ्रान्सला पळवलं. एक साक्षीदार उरला, म्हणजे नव्या कायद्याने खटला कोसळला. तेव्हा सरकारने काय केलं, तर कोर्टाचा रस्ताच सोडला आणि पार्लमेंटमध्ये फेनविकला द्रोही ठरवणारं खास विधेयक आणलं, तिथे साक्षीदारांच्या संख्येचं बंधन नाही. लॉर्ड्समध्ये ते ६८ विरुद्ध ६१ असं पास झालं, सात मतांनी, आणि २८ जानेवारी १६९७ ला टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. साक्षीदार पळवणं हा गुन्हाच, त्याची बाजू मी घेत नाही, पण आरोपीला संरक्षण देणारा कायदा होऊन एक वर्षही झालं नव्हतं आणि तो अडचणीचा ठरल्याबरोबर त्याच्या शेजारून वाट काढली. (आपल्याकडच्या वाचकांसाठी, जुन्या भारतीय पुरावा कायद्यात आणि आताच्या साक्ष्य अधिनियमातही साक्षीदारांची अशी संख्याच नाही, एका विश्वासार्ह साक्षीवरही शिक्षा होते, देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपातसुद्धा.)

राणी अ‍ॅनच्या काळात आणखी एक हक्क दिला गेला, सरकारी साक्षीदारांची यादी दहा दिवस आधी आरोपीला द्यायची. पण १७०८ च्या त्याच कायद्यात लिहिलं की हे कलम जेम्सचा मुलगा, म्हणजे गादीवर दावा सांगणारा, मेल्यानंतरच लागू होईल. तो मेला १७६६ ला. ज्यांना त्या यादीची सगळ्यात जास्त गरज होती ते तोवर सगळे संपलेले.

जॅकोबाइटांचं १७१५ चं बंड भराभर सांगतो. प्रेस्टनला शरण आलेल्या लॉर्डांवर पार्लमेंटमध्येच महाभियोग चालला, डरवेंटवॉटर आणि केनम्युर यांची डोकी २४ फेब्रुवारी १७१६ ला उडाली, निथ्सडेल आदल्या रात्री बायकोने आणलेले बायकी कपडे घालून लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगातून निसटला. साध्या कैद्यांत वीसजणांमागे एकाच्या नावाची चिठ्ठी निघायची आणि त्याच्यावर खटला, बाकीच्यांनी अर्ज करून समुद्रापलीकडे वसाहतीत राबायला जायचं. चिठ्ठ्या काढून कुणावर खटला भरायचा हे ठरवणं वाचून मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता, पण १७४६ लाही हीच पद्धत वापरली.

१७४५-४६ चं बंड सगळ्यात मोठं. जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्कॉटलंडात उतरला, डर्बीपर्यंत आला, मागे फिरला आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनला संपला. कैदी साडेतीन हजारांच्या आसपास, फाशी वगैरे सुमारे १२०, वसाहतीत पाठवलेले नऊशेहून जास्त. खटले लंडनच्या साउथवर्कला, कार्लाइलला आणि यॉर्कला, खास कायदा करून, म्हणजे स्कॉट माणसाला त्याच्या मुलखात ज्युरी मिळू नये याची तजवीज केली. तिथले लोक सोडून देतील ही भीती होती. या खटल्यांत बसलेल्या मायकेल फॉस्टर नावाच्या जजने नंतर टिपणं छापली आणि त्यामुळे कायद्याचे मुद्दे आज आपल्याला नीट दिसतात.

फ्रान्सिस टाउनली, मँचेस्टर रेजिमेंटचा कर्नल. त्याचा बचाव, मी फ्रान्सच्या राजाच्या सैन्यातला अधिकारी, माझ्याकडे त्याची सनद आहे, मला युद्धकैदी माना. हा बचाव हुशार होता कारण यात खरा राजा कोण हा विषयच काढावा लागत नाही. कोर्टाने सांगितलं की तू इंग्लंडात जन्मलास, जन्माने येणारी निष्ठा परक्या राजाच्या सनदेने पुसली जात नाही, उलट शत्रूची नोकरी हाच एक द्रोह. त्याच्याच रेजिमेंटचा सॅम्युअल मॅडॉक माफीचा साक्षीदार झाला. ३० जुलै १७४६, केनिंग्टन कॉमन, टाउनलीसह नऊजण, आणि टाउनलीचं डोकं लंडनच्या टेम्पल बार या वेशीवर लावलं.

अलेक्झांडर मॅग्राउदरचा बचाव मला सगळ्यात माणसासारखा वाटतो. तो एका जमीनदाराचा कूळ, म्हणाला की धन्याने धमकी दिली, आला नाहीस तर घर जाळू, गुरं नेऊ. हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, अशी जबरदस्ती व्हायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोर्टाने नियम घातला की मालमत्तेची भीती चालत नाही, तत्काळ मरणाचीच भीती पाहिजे, आणि तीही पूर्ण वेळ टिकलेली पाहिजे, संधी मिळताच निसटलो हे दाखवता आलं पाहिजे. मुंबई-पुण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल, आपल्या आयपीसीच्या ९४ मध्ये (आता न्याय संहितेचं ३२) तत्काळ मृत्यूच्या भीतीचीच भाषा आहे. आणि आपलं कलम त्याहून कडक, खून आणि फाशीची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे यांना तो बचाव मिळतच नाही. आयपीसीचं १२१ कलम (आता न्याय संहितेचं १४७), युद्ध पुकारण्याचं, ते सरळ १३५१ च्या त्या जुन्या कायद्याच्या घराण्यातलं आहे, आणि २६/११ च्या खटल्यात कसाबला ते लागलं.

यॉर्कचा जेम्स रीड हा पायपर, बॅगपाइप वाजवणारा. म्हणाला मी तलवार धरली नाही, बंदूक धरली नाही, फक्त वाजवत होतो. जजने सांगितलं की हायलँडची रेजिमेंट पायपरशिवाय कूच करत नाही, तेव्हा त्याचं वाद्य हेच युद्धाचं हत्यार. नोव्हेंबर १७४६ ला फाशी.

वरच्या दर्जाचे तीन लॉर्ड वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये २८ जुलैला उभे केले. किलमारनॉक आणि क्रोमार्टी यांनी गुन्हा कबूल केला, बॅल्मेरिनोने नाकारला. त्याचा मुद्दा तारखेचा होता, कार्लाइल घेतलं त्या दिवशी तो तिथे नव्हताच असं त्याचं म्हणणं. जजांचं मत मागवलं, ते म्हणाले आरोपपत्रातली तारीख तंतोतंत सिद्ध व्हायची गरज नाही, द्रोहाचं कृत्य सिद्ध झालं की पुरे. आपल्याकडे सीआरपीसीच्या २१५ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं २३८) आरोपातल्या चुकीबद्दल आजही बऱ्यापैकी हेच ऐकायला मिळतं. कैद्यांना नेताना सोबत कुऱ्हाड असायची, ती कुठल्या गाडीत ठेवायची यावर घोळ झाला तेव्हा बॅल्मेरिनो म्हणाला आणा इकडे, माझ्याजवळ ठेवा, हे त्या काळच्या लेखक होरेस वॉलपोलने पत्रात लिहून ठेवलंय. १८ ऑगस्टला टॉवर हिलवर किलमारनॉकने पश्चात्ताप व्यक्त केला. बॅल्मेरिनो मात्र बंडातला गणवेश घालून आला आणि दुसऱ्या जेम्सचा मुलगा जेम्स हाच राजा असं उघड बोलून गेला. केनिंग्टनलाही काहींनी मरताना असेच लिहिलेले कागद मागे ठेवले. तुम्ही जो बचाव शोधताय तो या लोकांनी घेतला, पण घेतला तो इथे, जिथे त्यावर कुणी निकाल देणार नव्हतं.

दोन प्रकरणं तर अशी की नवा खटलाच झाला नाही. चार्ल्स रॅडक्लिफ, डरवेंटवॉटरचा भाऊ, १७१६ ला दोषी ठरून तुरुंगातून पळाला होता, १७४५ ला फ्रेंच जहाजावर सापडला. कोर्टापुढे मुद्दा एकच, हा तोच माणूस का, आणि ८ डिसेंबर १७४६ ला तीस वर्षांपूर्वीची शिक्षा अंमलात. आणि डॉक्टर आर्चिबाल्ड कॅमेरॉन, १७४६ ला पार्लमेंटने नाव घालून द्रोही ठरवलेला, सापडला १७५३ ला, पुराव्याचा एक कागद समोर न येता ७ जूनला टायबर्नला फाशी.

१७४५ च्या बंडातला स्कॉट सरदार लॉर्ड लोव्हॅट याचा शेवट सगळ्यांना माहीत असतो, ब्रिटनमध्ये शिरच्छेद झालेला शेवटचा माणूस, ९ एप्रिल १७४७. चार्ल्स एडवर्डचा सेक्रेटरी मरे ऑफ ब्रॉटन उलटला आणि लोव्हॅटविरुद्ध साक्षीला आला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. खटला महाभियोग म्हणून चालवला, आणि १६९६ चा कायदा महाभियोगाला लागू नव्हता, त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या, नीट ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला वस्तुस्थितीवर वकील नाही. अनेकांना ते बघवलं नाही, आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून महाभियोगातही वकिलाचा हक्क दिला. लोव्हॅट स्वतः अत्यंत कपटी माणूस होता, दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं खेळवलेला, तरी तो हक्क आला त्याच्या खटल्यामुळे.

आता आपल्याकडचं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह. कंपनीने त्यांच्यावर आरोप ठेवले की पलटणीतले सुभेदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. चौकशी १८३६ ला गुप्त कमिशनने केली. १८३९ ला गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला, कबुलीवर सही करा गादी राहील असं सांगितलं, महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ ला पदच्युत करून काशीला पाठवलं, तिथेच १८४७ ला गेले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला वर्षानुवर्षं एकच मागत राहिले, महाराजांना उघड सुनावणी द्या, साक्षीपुरावे समोर ठेवा. ती मिळाली नाही. १६९६ नंतरच्या बहुतेक जॅकोबाइट आरोपींना निदान आरोपपत्राची नक्कल आणि वकील मिळत होता, इथे राजालाच ते नाही.

मग १८४८ ला संस्थान खालसा झालं आणि १८५७ ला महाराजांच्या पक्षाच्या लोकांवर साताऱ्यात कटाचा खटला चालला, कमिशनपुढे, ज्युरी नाही. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना मारलं, काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून, आणि त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. इथेही गादीवर हक्क कुणाचा हा विषय कमिशनपुढे नव्हताच. खुद्द रंगो बापूजी निसटले आणि इंग्रजांना शेवटपर्यंत सापडले नाहीत, त्यामुळे लंडनमध्ये इतकी वर्षं महाराजांच्या हक्काची बाजू मांडलेल्या त्या एका माणसाला आरोपी म्हणूनसुद्धा ती कोर्टात मांडता आली नाही.